‘वगळता’ या शब्दाला एक तास द्या : इतिहासाच्या शिक्षकांना खुलं पत्र

शाळा-कॉलेजांत आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत जगाचा इतिहास शिकवणाऱ्या सर्व सर आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

माझी पुतणी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. मागच्या महिन्यात तिची वही सहज चाळत होतो. एका पानावर लाल पेनाने चौकट आखून वाक्य लिहिलं होतं : ‘इथिओपिया व लायबेरिया वगळता संपूर्ण आफ्रिका खंड युरोपीय सत्तांच्या ताब्यात गेला.’ शेजारी चांदणी, म्हणजे हमखास विचारला जाणारा प्रश्न. मी विचारलं, हे दोनच का सुटले गं? तिने पान उलटून दाखवलं. इथिओपियापुढे लिहिलं होतं, ‘डोंगराळ प्रदेश असल्यामुळे.’ लायबेरियापुढे तेवढंही नव्हतं.

मला चाळीस वर्षांपूर्वी शाळेत हे वाक्य असंच मिळालं होतं. मीही ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क घेतले. पुढे वाचनाची आवड लागली आणि आफ्रिकेविषयी जे हाती येईल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की त्या ‘वगळता’ शब्दात एका देशाने केलेली कित्येक वर्षांची धडपड दडपली गेली आहे, आणि दुसऱ्या देशाची फार वेगळी, वेदनेची गोष्ट. पुतणीच्या वहीत तेच वाक्य पुन्हा पाहिलं आणि राहवलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी डोंगरांचं पाहू, कारण त्या डोंगरांशी मुंबईचा संबंध आहे.

१८६०च्या दशकात इथिओपियावर, म्हणजे तेव्हाच्या अबिसिनियावर, तेवोद्रोस दुसरा राज्य करत होता. त्याने व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. अपमान झाला म्हणून त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉन आणि काही युरोपीय मिशनऱ्यांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला जी फौज गेली ती मुंबईहून निघाली. सेनापती रॉबर्ट नेपियर, मुंबई लष्कराचा सरसेनापती. सुमारे १३,००० सैनिक, त्यांतले बहुतेक हिंदी. त्यांच्यामागे त्याहूनही मोठा बुणग्यांचा लवाजमा, हजारो खेचरं आणि उंट, आणि तोफा वाहायला ४४ हत्ती. तांबड्या समुद्राच्या काठी झुला इथे त्यांनी धक्का बांधला आणि तिथून आतल्या बाजूला रेल्वे टाकली. रूळही भारतातून गेले, मजूरही. मोहिमेचा जादा खर्च ब्रिटनने सोसला, पण हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार भारताच्या महसुलातून जात राहिला. आपल्या रयतेच्या घामाचा पैसा कुठे कुठे खर्ची पडला, हे सांगताना या मोहिमेचं नाव घ्यायला हवं.

नेपियर जानेवारी १८६८ मध्ये किनाऱ्यावरून निघाला आणि सुमारे साडेसहाशे किलोमीटर डोंगरदऱ्या ओलांडून एप्रिलमध्ये मगदाला किल्ल्याखाली पोचला. १३ एप्रिलला किल्ला पडला. तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्या पिस्तुलाने झाडली ते पूर्वी राणीकडूनच भेट आलेलं होतं. किल्ल्यातली हस्तलिखितं, मुकुट, क्रूस सैनिकांनी लुटले, हत्ती-खेचरांवर लादले आणि वाटेत दलांताच्या पठारावर त्यांचा लिलाव झाला. तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू याला इंग्लंडला नेलं. तो अठराव्या वर्षी तिकडेच वारला आणि विंडसरला पुरला गेला.

जूनपर्यंत फौज परत जहाजांवर होती. १८६८ मध्ये तेच डोंगर होते, तेच घाट. मग ते आड का आले नाहीत? कारण तेवोद्रोस एकटा पडला होता. त्याच्या जाचाला कंटाळलेले सरदार बाजूला उभे राहिले, आणि तिग्रेच्या कासाने नेपियरला आपल्या मुलखातून वाट दिली. परतताना नेपियरने त्याला तोफा-बंदुका दिल्या. पुढे हाच कासा योहान्नेस चौथा म्हणून सम्राट झाला. ब्रिटिश निघून गेले, कारण त्यांना तो मुलूख ठेवायचाच नव्हता. ठेवायचा असता तर डोंगरांनी त्यांना हुसकलं नसतं.

तेव्हा सर, बाई, ‘डोंगराळ प्रदेश’ हे उत्तर खोडायला हवं.

१८९६ मध्ये याच देशाने अडवाच्या लढाईत इटलीच्या फौजेला हरवलं. खरं उत्तर १८६८ आणि १८९६ या दोन सालांच्या मध्ये आहे. ते शिकवणं तुम्हाला इतर कुणाहून सोपं जाईल, कारण तुम्ही वसईचा तह शिकवता. ३१ डिसेंबर १८०२. होळकरांनी हडपसरला हरवलेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि सही करून बसला : इंग्रजांची फौज आपल्या खर्चाने ठेवायची आणि इतर सत्तांशी व्यवहार इंग्रजांना विचारल्याशिवाय करायचा नाही. राज्य कसं जातं, हे त्या दुसऱ्या कलमात दिसतं. ज्याला बाहेरच्या जगाशी स्वतः बोलता येत नाही तो राजा उरत नाही.

इथिओपियाच्या पुढ्यात हेच कलम आलं. मार्च १८८९ मध्ये योहान्नेस सुदानच्या महदीच्या सैन्याशी मेतेम्माला लढताना मारला गेला. (हे गावाचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.) गादीवर हक्क सांगत शेवाचा राजा मेनेलिक पुढे आला. त्याला बाहेरची मान्यता हवी होती, बंदुका हव्या होत्या. इटलीला किनाऱ्यालगतचा मुलूख हवा होता. २ मे १८८९ रोजी वुचाले इथे तह झाला. तो दोन भाषांत लिहिला होता, अम्हारिक आणि इटालियन, आणि त्याच्या सतराव्या कलमात घोटाळा होता. अम्हारिक मजकुराचा अर्थ असा, की इथिओपियाच्या सम्राटाला युरोपीय सत्तांशी इटलीमार्फत व्यवहार ‘करता येईल’. इटालियन मजकूर म्हणत होता, ‘करावा लागेल’.

हे दोन शब्दप्रयोग फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. करता येईल. करावा लागेल. मराठी मुलाला याहून जास्त समजावून सांगावं लागणार नाही. इटालियन मजकुराच्या जोरावर इटलीने युरोपला कळवून टाकलं की इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आहे. मेनेलिकने राज्याभिषेकाची पत्रं युरोपच्या राजांना पाठवली, तेव्हा त्याला उत्तरं आली ती अशी, की पत्रव्यवहार इटलीमार्फत व्हायला हवा. कागदावर काय घडलं आहे ते त्याला तेव्हा उमगलं.

पुढे त्याने जे केलं त्याचा एकेक टप्पा मला अभ्यास करण्याजोगा वाटतो. एप्रिल १८९१ मध्ये त्याने युरोपीय सत्तांना परिपत्रक पाठवून आपल्या देशाच्या सीमा स्वतः सांगितल्या, आणि दूरदूरच्या सत्ता आफ्रिकेची वाटणी करायला आल्या असताना मी नुसता बघत बसणार नाही, असं कळवलं. बर्लिनच्या १८८४-८५च्या परिषदेत एकाही आफ्रिकी राज्याला बोलावणं नव्हतं. ही त्या परिषदेला एका आफ्रिकी दरबारातून गेलेली हरकत समजा. १८९३ मध्ये त्याने वुचालेचा तह रद्द केल्याचं जाहीर केलं. दरम्यान बंदुका जमवणं चालूच होतं. फ्रेंच व्यापाऱ्यांकडून, रशियाकडून, आणि तहाच्या सुरुवातीच्या दिवसांत खुद्द इटलीकडूनही.

हे सगळं एका भीषण दुष्काळातून चाललं होतं, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते. इटालियनांनी मसावा बंदरात आणलेल्या जनावरांबरोबर बुळकांडी रोग आला आणि १८८८ पासून देशातली बहुतेक गुरं मेली. बैल गेले म्हणजे नांगर थांबले. त्यात अवर्षण आणि टोळ. माणसं लाखांनी मेली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना बुळकांडी म्हणजे काय ते ठाऊक होतं, गोठा एका आठवड्यात रिकामा व्हायचा. असा गोठा रिकामा झालेल्या देशाने तीन-चार वर्षांत लाखभर माणसं रणावर उभी केली.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रणावर कोण उभं होतं? योहान्नेसचा मुलगा रास मेंगेशा (‘रास’ ही तिथल्या बड्या सरदारांची पदवी), म्हणजे मेनेलिकचा गादीसाठीचा प्रतिस्पर्धी, ज्याने मध्यंतरी इटालियनांशीही बोलणी केली होती. गोज्जामचा तेक्ले हायमानोत, ज्याला मेनेलिकने १८८२ मध्ये एम्बाबोच्या लढाईत हरवून कैद केलं होतं. वोल्लोचा रास मिकाएल. हररचा रास माकोन्नेन. १८८७ मध्ये दोगालीला इटालियन तुकडी कापून काढणारा म्हातारा रास अलुला. एकमेकांशी आयुष्यभर लढलेली ही माणसं १८९६ मध्ये एका छावणीत होती. आता १८०३ आठवा. शिंदे आणि भोसले असईला लढत असताना होळकर बाजूला राहिले, आणि पुढच्या वर्षी एकटेच लढले. तुमच्या वर्गातला कुठलाही मुलगा दोन्ही चित्रं समोर ठेवली तर फरक स्वतः सांगेल.

सम्राज्ञी तायतूशिवाय हा धडा शिकवू नका. वुचालेच्या तहाबाबत इटलीला जराही सवलत द्यायची नाही, असं दरबारात ठासून सांगणाऱ्यांत ती पुढे होती. जानेवारी १८९६ मध्ये मेकेलेचा किल्ला इटालियनांनी धरून ठेवला होता आणि हल्ले करून तो पडत नव्हता. तेव्हा किल्ल्याला पाणी पुरवणारे झरे ताब्यात घ्यायचे, ही कल्पना तिची. तिच्या माणसांनी ते झरे धरून ठेवले आणि दोन आठवड्यांत किल्ला खाली झाला. अडवाच्या लढाईतही ती स्वतःच्या तुकडीसह हजर होती. सैन्यामागे चालणाऱ्या बायका धान्य दळत होत्या, रांधत होत्या, रणात पाणी पोचवत होत्या.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही बाजूंचं धान्य संपत आलं. मेनेलिकचं इतकं की आणखी काही दिवस गेले असते तर त्याला मागे फिरावं लागलं असतं. पण रोमहून पंतप्रधान क्रिस्पीची तार आली. हे युद्ध नव्हे, सैन्याला जडलेला क्षय आहे, अशी त्याने सेनापती बाराटिएरीची निर्भर्त्सना केली. २९ फेब्रुवारीच्या रात्री बाराटिएरीने सुमारे १७,००० माणसं अंधारात पुढे सरकवली. त्याच्या हातातल्या नकाशात एका टेकडीला किदाने मेरेत असं नाव होतं. स्थानिक लोक त्या नावाने ओळखत ती टेकडी कित्येक किलोमीटर पुढे होती. जनरल अल्बेर्तोने वाटाड्यांबरोबर खऱ्या टेकडीकडे गेला आणि बाकीच्या सैन्यापासून तुटला. तहात एका क्रियापदाचा अर्थ त्यांना हवा तसा फिरवता आला होता. इथे टेकडीच्या नावाने त्यांना दगा दिला.

१ मार्च १८९६. दुपारपर्यंत निकाल लागला. इटलीच्या बाजूचे सुमारे ६,००० मेले, दोन जनरल ठार झाले, अल्बेर्तोने कैद झाला. इथिओपियाचेही हजारो पडले. क्रिस्पीचं सरकार कोसळलं. २६ ऑक्टोबर १८९६ च्या अदिस अबाबाच्या तहात वुचाले रद्द झाला आणि इटलीने इथिओपियाचं संपूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं.

हा विजय सांगताना माझा ऊर भरून येतो, ते लपवत नाही. पण तो शिकवताना त्याची काळी बाजूही मुलांपुढे ठेवा, नाहीतर एका अर्धवट वाक्याच्या जागी दुसरं अर्धवट वाक्य येईल. इटलीच्या बाजूने लढलेले एरिट्रियाचे आफ्रिकी सैनिक, अस्करी, पकडले गेले तेव्हा त्यांना फितुरीची शिक्षा म्हणून शेकडोंचे उजवे हात आणि डावे पाय तोडले गेले. एरिट्रिया इटलीकडेच राहिला आणि तिथल्या लोकांच्या वाट्याला १९४१ पर्यंत इटालियन राज्य आलं. ज्या बंदुकांनी अडवा जिंकलं त्याच बंदुकांनी मेनेलिकने दक्षिणेकडचे ओरोमो, वोलायता आणि काफ्फाचं जुनं राज्य जिंकून आपल्या साम्राज्याला जोडलं. त्या लोकांच्या आठवणीत मेनेलिक हा मुक्तिदाता नाही. गुलामगिरी तर विसाव्या शतकातही चालू होती.

लायबेरियाचं थोडक्यात सांगतो. त्याला इथिओपियाच्या शेजारी एका ओळीत बसवणं हीच मोठी चूक आहे. तिथे युरोपीय राज्य आलं नाही, पण बाहेरची माणसं आली. अमेरिकेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवण्यासाठी १८१६ मध्ये तिकडे एक संस्था निघाली. १८२० पासून वसाहतकरी येऊ लागले, राजधानीला अमेरिकी अध्यक्ष मन्रो याच्या नावावरून मन्रोव्हिया म्हणू लागले. २६ जुलै १८४७ रोजी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. ज्यांच्या बापजाद्यांना बेड्या घालून समुद्रापार नेलं होतं, त्यांनी आपलं प्रजासत्ताक उभं केलं, ही मोठी गोष्ट आहे. मात्र त्या भूमीतल्या मूळ लोकांना १९०४ पर्यंत नागरिक मानलं गेलं नाही. एकाच पक्षाने १८७८ पासून १९८० पर्यंत सलग राज्य केलं. ब्रिटन आणि फ्रान्सने कडेकडेने मुलूख तोडून घेतला. कर्जापायी १९१२ पासून जकातीवर परदेशी देखरेख आली आणि १९२६ मध्ये रबरासाठी दहा लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांच्या कराराने एका अमेरिकी कंपनीला दिली गेली. नकाशावर रंग बदलला नाही म्हणून या देशाला मोकळा म्हणायचं का, हा प्रश्न मुलांना नक्की पेलेल.

आता मेतेम्मा. इटलीने अडवाचा सूड चाळीस वर्षं मनात ठेवला. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा शिरल्या. यावेळी वरून विमानं होती आणि विमानांतून मोहरी वायू पडत होता, जो वापरायचा नाही असं इटलीने आंतरराष्ट्रीय करारात कबूल केलेलं होतं. इथिओपिया १९२३ पासून राष्ट्रसंघाचा सभासद होता. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, तेल मात्र वगळलं. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हायले सेलासी यांनी जिनिव्हात उभं राहून साऱ्या राष्ट्रांना जाब विचारला. फेब्रुवारी १९३७ मध्ये राजधानीत इटालियनांनी तीन दिवस कत्तल केली. पाच वर्षांचा हा ताबा वसाहत मानायचा की युद्धातला कब्जा, यावर अजून वाद आहे. डोंगरात लढणारे देशभक्त या काळात कधीच थांबले नाहीत, म्हणून मी त्याला कब्जा म्हणतो.

तो कब्जा उठवताना हिंदी जवान पुन्हा त्या डोंगरांत गेले. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या कड्यांवर दोन हिंदी डिव्हिजन लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची मुलं होती. आणि मेतेम्माहून पुढच्या रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातल्या अभियंता पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत चार दिवस जवळपास अखंड सुरुंग काढत चालले होते. सुमारे ८८ किलोमीटर वाट, पंधरा सुरुंगक्षेत्रं, स्फोटाने कानाचा पडदा फाटलेला. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी अधिकारी. बॉम्बे सॅपर्स १८६८ मध्ये नेपियरबरोबरही होते, तेव्हा मगदाल्याकडे जाणारी वाट फोडायला. आज त्यांचं केंद्र पुण्याला खडकीत आहे. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्याच्या बरोबर पाच वर्षांनी, हायले सेलासी अदिस अबाबात परतले.

आपल्या भाषेत ‘हबशी’ हा शब्द आहे. इथिओपियाच्या पठारावरचे लोक स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात, त्यातूनच तो आला. मलिक अंबर त्याच भूमीत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये मुघलांशी झुंजला. इतका जुना शेजार असलेल्या देशासाठी आपल्या मुलांच्या वहीत ‘वगळता’ एवढा एकच शब्द असावा, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मागणं एवढंच आहे. वर्षातला एक तास द्या. वसईच्या तहानंतर लगेच दिलात तर उत्तम. ‘कोणते दोन देश सुटले’ हा प्रश्न परीक्षेत यायचा तो येवो, पण वर्गात मुलांना दुसरा प्रश्न घाला : त्याच डोंगरांत १८६८ मध्ये परकी फौज मगदाल्यापर्यंत पोचली आणि १८९६ मध्ये अडवाला मोडली, असं का? उत्तर त्यांना शोधू द्या.

मी हाताने एक नकाशा काढला आहे. मुंबई, झुला, मगदाला, वुचाले, अडवा, केरेन आणि मेतेम्मा एका कागदावर येतील असा. मागच्या बाजूला सतराव्या कलमाचे दोन्ही अर्थ समोरासमोर मराठीत लिहिले आहेत. ज्या शिक्षकांना वर्गात लावायला हवा असेल त्यांना त्याची प्रत पाठवीन. पहिली प्रत पुतणीच्या टेबलासमोर लावली आहे.

आपला,
इतिहासाचा एक वाचक, आणि एका विद्यार्थिनीचा काका